किंमत न छापलेल्या वस्तू

माझा हात पटकन उठतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी बाजू घ्यावीशी वाटली तर तो फसणार नाही. कोलशेतच्या एका कारखान्यात मी तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. तिथे एका टेम्पोवाल्याच्या कानाखाली वाजवली होती, एका फिटरच्या अंगावर पाना घेऊन धावलो होतो, आणि आमटी पातळ आहे म्हणून कँटीनचं टेबल उलटं केलं होतं. दोनदा मेमो मिळाला. दोन्ही वेळा युनियनने मिटवलं. घरी मेमो देणारं कोणी नव्हतं.

बायकोवर मी हात उचलला तो तीनदा. ‘फक्त तीनदा’ असं मी मित्रांमध्ये सांगायचो, आणि सांगताना मान ताठ असायची. ताट भिरकावणं, दार आपटणं, रेडिओ भिंतीवर फोडणं यातलं काही मी त्यात धरलंच नव्हतं.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. तिचा भाऊ गावाहून यायचा होता म्हणून तिने सुरमई आणली. संध्याकाळी चहा पिता पिता मी दिवसाचा हिशेब विचारला. रोज विचारायचो. माझे वडील आईला रोज विचारायचे, आजोबा आजीला विचारत असणार, त्यामुळे नवरा असण्यातलं ते एक कामच आहे असं मला वाटे. तिने सुरमईचा खरा आकडा सांगितला. माझ्या हातात स्टीलचा पेला होता, नुकताच भरलेला. तो मी फेकला. तिच्या उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली गेली. दुसऱ्या दिवशी भाऊ आला तेव्हा तिने भर मे महिन्यात लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं, आणि पुढे कायम तसंच घालत राहिली. सुरमईचे दोन तुकडे मी जास्तीचे मागून घेतले.

तेव्हापासून तिला एक सवय लागली. हिशेब सांगायच्या आधी ती माझ्यासमोरचा पेला उचलून ओट्यावर नेऊन ठेवायची. चहा संपलेला असो नसो. मी ते टापटीप म्हणून घेतलं. माहेरचं वळण चांगलं आहे, असं एकदा कौतुकही केलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झालो. पेन्शन म्हणाल तर हातात घेऊन हसावं एवढी. फंडाचे आले ते, आणि वर्तकनगरचं आमचं घर. जुन्या वसाहतीतला तिसरा मजला, लिफ्ट नाही, एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे काढलेली बाल्कनी. पण पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून त्या घराला असा भाव आला होता की मला रात्रीची झोप लागेना. माझा बेत सरळ होता. हे विकायचं, कुठेतरी स्वस्तात राहायचं, उरलेल्या रकमेच्या व्याजावर आरामात खायचं. घर दोघांच्या नावावर होतं, कारण घेताना तिच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि सासऱ्यांनी तशी अट घातली होती. म्हणजे विकायला तिची सही लागणार होती.

“मला इथून हलायचं नाही,” ती म्हणाली. एवढं स्पष्ट ती सहसा बोलत नसे. “माझं मशीन आहे. माझ्या बायका आहेत.”

तिचं मशीन म्हणजे शिलाईचं. मी कामावर गेलो की ती वसाहतीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावायची, बीडिंग करायची, ब्लाउज शिवायची. मी त्याला ‘टिकल्यांची कमाई’ म्हणायचो. मी म्हणालो, “मशीन काय, कुठेही नेता येतं. आपण सगळीकडचा खर्च लिहून काढू. जिथे स्वस्त, तिथे जायचं. त्यात तुझं-माझं काही नाही.”

कारखान्याने दिलेली एक कोरी डायरी होती. तिच्यात मी रकाने आखले. ठाणे, कोलशेत, गाव, डोंबिवलीचा मानपाडा. आणि आडव्या ओळी: दूध, भाजी, मासळी, किराणा, दळण, वीज, मेंटेनन्स, रिक्षा, डॉक्टर. ठाण्याचा रकाना भरायला एक संध्याकाळ पुरली. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. सांगायला बसण्याआधी तिने माझा पेला उचलून ठेवला होता.

बाकीच्या रकान्यांसाठी मी स्वतः हिंडलो आणि जिथे गेलो तिथे भांडून आलो.

कोलशेतला मी राहणार नव्हतोच, पण जिथे आमची शेड होती त्याच्याच शेजारी आता टॉवर उभे आहेत, ते बघायची खाज होती. काचेच्या ऑफिसात टाय लावलेल्या एका पोराने मला गार पाणी दिलं आणि महिन्याचा मेंटेनन्स सांगितला. तो माझ्या पेन्शनच्या तिप्पट होता. “सर, लाइफस्टाइलची एक कॉस्ट असते,” तो म्हणाला. मी त्याचा टाय धरला. नुसता धरला नाही, मुठीत दोन वेळा गुंडाळला आणि त्याला टेबलावरून अर्धा माझ्याकडे ओढला. त्याचा चेहरा लाल झाला. दोन सिक्युरिटीवाल्यांनी मला बगलेत धरून बाहेर नेलं आणि फुटपाथवर टाकलं. ज्या रस्त्याने तेहतीस वर्षं कामाला गेलो त्याच रस्त्यावर मी चारी हातापायांवर होतो. डायरीत लिहिलं, कोलशेत बाद.

गावी गेलो तर चुलतभावाने आमच्या हिश्श्याच्या जागेत काजू लावले होते. मी कुंपणाच्या गडग्याचे दगड उचकटायला सुरुवात केली. तो कोयती घेऊन आला. आम्ही दोघंही साठीचे, दोघांचेही गुडघे दुखणारे, आणि चांगली दहा मिनिटं एकमेकांच्या आईचा उद्धार करत गडग्याच्या दोन बाजूंना उभे होतो. शेवटी त्याने कोयती फणसाच्या खोडात मारली, ती तिथेच रुतली, आणि ती काढता काढता त्याला धाप लागली. डॉक्टर सगळ्यात जवळचा म्हणजे एका तासावर. गाव बाद.

राहिला मानपाडा. माझा एक जुना सहकारी डोंबिवली पूर्वेला, तिथल्या इंडस्ट्रियल एरियाच्या अलीकडे घर घेऊन बसला होता, पण मुलाकडे पुण्याला गेल्यामुळे घर रिकामं होतं. तो म्हणाला, दोन महिने राहून बघ, मग ठरव. मला ही कल्पना फार आवडली. कागदावर सगळे लिहितात, आपण प्रत्यक्ष राहून आकडा काढायचा. बायकोने मशीनवर जुनी चादर टाकली, वसाहतीतल्या बायकांना त्यांच्या अर्धवट साड्या परत केल्या आणि दोन बॅगा भरल्या.

मानपाड्याने पहिल्याच आठवड्यात मला ओळखलं. शेअर रिक्षात चौथा माणूस पुढे ड्रायव्हरच्या मांडीवर बसल्यासारखा बसवतात. मी म्हणालो, मी बसणार नाही आणि कोणाला बसू देणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, “काका, जमत नसेल तर उतरा ना, टाइम खोटी नका करू.” मी त्याचा आरसा पिरगाळला. त्याने मला रिक्षातून खाली ढकललं आणि माझी पिशवी माझ्यामागून फेकली. सोसायटीत एक दिवसाआड टँकर यायचा. दुसऱ्या आठवड्यात पाणी आधी कोणाच्या टाकीत जाणार यावरून ए विंग आणि बी विंगची जुंपली, तेव्हा पाइप माझ्या हातात होता. त्याचं पितळी तोंड मी एका माणसाच्या तोंडावर मारलं. तो बँकेत कॅशियर होता आणि सकाळी सकाळी देवाला फुलं घेऊन चालला होता. त्याचा ओठ फाटला, फुलं पाण्यात गेली. मला वाईट वाटलं नाही. टँकरचा खर्च मात्र मी डायरीत नीट लिहिला.

कारण आकडे छान येत होते. रोज संध्याकाळी मी विचारायचो, ती पेला उचलायची आणि सांगायची. भाजी ठाण्याइतकीच किंवा थोडी कमी. मासळी कमी. दळण कमी. महिना संपला तेव्हा मी बेरीज केली आणि मानपाडा ठाण्यापेक्षा बराच स्वस्त निघाला. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. “बघ! मी म्हणालो नव्हतो?” ती भाकऱ्या थापत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात मी वर्तकनगरच्या एजंटला फोन केला. गिऱ्हाईक तयारच होतं. बोलणी पक्की झाली, करारावर सह्या करायची तारीख ठरली. दुसऱ्या महिन्यातला शेवटचा सोमवार. तिला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “सोमवारीच का?” जणू वार बदलला तर काहीतरी बदलणार होतं.

आणि मग दुसऱ्या महिन्यात आकडे बिघडले. आधी मासळी चढली. मग कांदे-बटाटे. मग पालेभाजी. चार दिवसांत सगळ्या गोष्टी दीडपट, दुप्पट. मी डायरी उघडून मागचं पान दाखवायचो, “गेल्या महिन्यात हे इतकं होतं, आता इतकं कसं?” ती म्हणायची, “वाढलं असेल.” एका संध्याकाळी तिने गवारीचा भाव सांगितला. वीस रुपये पाव. मागच्या पानावर दहा होता. ठाण्याच्या रकान्यातही दहा.

पेला तिने आधीच उचललेला होता. म्हणून मी ताट फेकलं. ते तिच्या खांद्याला लागून फ्रिजवर आदळलं, आणि गवार सगळी भिंतीवर. “तुला फसवतात, आणि तू फसतेस!” मी ओरडत होतो. “नवीन बाई दिसली की लुटतात. उद्या दाखवतो त्यांना.” ती खाली बसून गवारीच्या शेंगा एकेक करून वेचायला लागली.

सकाळी ती दळण आणायला गेली, आणि मी बाजारात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा भाजीबाजारात गेलो असं म्हटलं तरी चालेल. नाक्यावरून आत वळलं की रस्त्याच्या कडेला गोणपाटं टाकून भाजीवाल्या बसतात. बायको ज्या बाईकडून घ्यायची ती मला ठाऊक होती, कारण पिशव्या उचलायला एकदा गेलो होतो. जवळच्याच गावातली आगरी म्हातारी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, काष्टा घातलेली, कानात जड सोनं. तिच्याकडे अजून जुना तराजू आणि लोखंडी मापं होती.

“गवार कशी?”

“वीस पाव.”

“ठाण्यात दहा आहे.”

तिने माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. “ठान्यान दहा हाय त ठान्याशीच आन ना. मी बोलावलं व्हतं तुला?”

मी तिचा गवारीचा क्रेट लाथेने उडवला. मग टोमॅटोचा. मग भेंडीचा. चौथी लाथ तिच्या पाण्याच्या बादलीला बसली. टोमॅटो रस्त्यावर घरंगळले, एक स्कूटर त्यांच्यावरून गेली आणि घसरून पडली. म्हातारी उभी राहून ओरडायला लागली तशी बाजूच्या बायका ओरडायला लागल्या, आणि कुठून कोण जाणे तीन माणसं माझ्या अंगावर आली. पहिला बुक्का मी मारला. तेवढा एकच चांगला बसला. त्यानंतरचे सगळे त्यांचे होते. पोटात, कानावर, बरगडीत. चष्मा गेला. कोणीतरी माझा शर्ट मागून धरून ठेवला होता आणि कोणीतरी पुढून मारत होतं, आणि खरं सांगायचं तर मार खाताना माझ्या डोक्यात एकच होतं की मी बरोबर आहे. डायरीत लिहिलेलं आहे.

मग मारणारे थांबले. बायको आली होती. डोक्यावर दळणाचा डबा, तो तिने खाली ठेवला. मला वाटलं ती माझ्याकडे येईल. ती म्हातारीकडे गेली. कंबरेची एक कापडी पिशवी काढली, जी मी कधी पाहिली नव्हती, आणि विचारलं, “मावशी, किती नुकसान झालं?”

म्हातारीने आकडा सांगितला. बायकोने नोटा मोजल्या. पिशवीत जवळजवळ तेवढ्याच होत्या. ती रिकामी झाली हे मला तिच्या झटकण्यावरून कळलं.

“हे पैसे कुठले?” मी विचारलं. तोंडात रक्त होतं.

“माझे.”

“तुझे कुठले?”

ती माझ्याकडे वळली. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं असतील. “मावशी बरोबर बोलतायत,” ती म्हणाली. “गवार वीसच आहे. ठाण्यातही वीसच होती. मी तुम्हाला दहा सांगायचे.”

मला कळेना. “मग वरचे दहा कोण देत होतं?”

“मी. फॉल-बीडिंगच्या पैशातून. गवारीचं काय घेऊन बसलात, सगळ्याचंच. सुरमई आणली होती तेव्हापासून.” तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. “इथे मला काम नाही. साठवलेले पहिल्या महिन्यात संपत आले. म्हणून आता खरं सांगायला लागले.”

चौतीस वर्षं. रोज संध्याकाळी. मी मोजून घ्यायचो, लिहून घ्यायचो, आणि ती रोज अर्धं सांगायची. अंगाला एवढा मार लागलेला असूनही माझा उजवा हात वर गेला. ते मी ठरवलं नव्हतं. तो चौथ्यांदा वर गेला, सगळ्यांसमोर, आणि खाली यायच्या आत कपाळावर काहीतरी आदळलं. म्हातारीने किलोचं माप मारलं होतं.

“आता उचल हात,” ती म्हणाली. “उचल. बगतं मी.”

मी टोमॅटोंमध्ये बसलो. रक्त डोळ्यात येत होतं. पुन्हा हात उचलायची माझी हिंमत झाली नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात मला सात टाके पडले. बायकोनेच नेलं. तिने मला उठवलं, रिक्षात घातलं, दळणाचा डबा मांडीवर घेतला आणि वाटभर बाहेर बघत राहिली. टाके घालणारी डॉक्टर तरुण होती. मधेच तिने बायकोला विचारलं, “काकू, बीपीची गोळी चालू आहे ना? एवढी धावपळ बरी नाही तुम्हाला.”

मी पडल्या पडल्या विचारलं, “कसली गोळी? कधीपासून?”

“सहा वर्षं,” बायको म्हणाली.

“मला का नाही सांगितलंस?”

“पाकिटावर किंमत छापलेली असते.”

डॉक्टरला ते वाक्य कळलं नसावं. मला कळलं. दुधाच्या पिशवीवर किंमत असते, तेलाच्या पुड्यावर असते, विजेचं बिल मी स्वतः भरायचो. तिथे तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. भाजी, मासळी, नारळ, दळण, चपलेचा टाका, रिक्षा, यांच्यावर काही छापलेलं नसतं. तिथे ती कमी सांगायची. आणि गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं असतं म्हणून तिने गोळ्याच लपवल्या. डायरीत ‘औषधं’ अशी ओळ मी लिहिलीच नव्हती. मी फक्त ‘डॉक्टर’ लिहिलं होतं, आणि त्यासमोर माझ्या गुडघ्यांचे पैसे होते.

घरी आल्यावर तिने डायरी मागितली. मी दिली. ती टेबलाशी बसली आणि ठाण्याच्या रकान्यातला एकेक आकडा खोडून शेजारी खरा लिहीत गेली. मग मानपाड्याचा पहिला महिना. तिचं अक्षर लहान आणि सरळ आहे. मला वाटतं मी ते त्या दिवशीच नीट पाहिलं. लिहून झाल्यावर तिने डायरी माझ्याकडे सरकवली. ठाणे आणि मानपाडा, दोन्ही बेरजा जवळजवळ सारख्या होत्या. मानपाड्याला टँकर जास्त, ठाण्याला मेंटेनन्स जास्त, एवढाच फरक.

“आता यात हे घाला,” ती म्हणाली, आणि ठाण्याच्या रकान्याखाली तिने तिच्या मशीनचं महिन्याचं उत्पन्न लिहिलं. मी तो आकडा दोनदा वाचला. टिकल्यांची कमाई माझ्या पेन्शनपेक्षा जास्त होती.

“म्हणजे ठाणं स्वस्त,” मी म्हणालो. मला अजून तो हिशेबच वाटत होता. “ठीक आहे. मग विकायचं नाही. परत जाऊ.”

“मी जाते,” ती म्हणाली. “मी सही करणार नाही, आणि मी घरी जाते. तुम्ही इथे राहा. तुम्हाला इथे परवडतं.”

मी उठलो. डोकं ठणकत होतं, बरगडी धरवत नव्हती, आणि तरी मी उठलो, कारण बसून ऐकायची मला सवय नव्हती. ती मागे सरकली नाही. माझा चहाचा पेला तिच्या हातात होता, भरलेला. तो तिने ओट्यावर ठेवला नाही, टेबलावरही ठेवला नाही. तशीच हातात धरून उभी राहिली. मी परत बसलो. चार वाजता ती तिच्या एका बॅगेसकट रिक्षात बसून गेली. दळणाचा डबा मला ठेवून गेली.

संध्याकाळी मी मुलीला फोन केला. ती नाशिकला असते. मला वाटलं, ती आईला समजावेल. मी सगळं सांगितलं, माराचं जरा कमी करून.

“बाबा, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी दुसरीत असताना आईने मला शिकवलं होतं. नारळ आणायला पाठवलं की तुम्ही विचारलंत तर किती सांगायचं ते. आम्ही जिना चढताना पाठ करायचो.”

मी फोन ठेवला. त्या रात्री घरात फेकायला पुष्कळ वस्तू होत्या. मी काही फेकलं नाही, पण त्याचं श्रेय मला नको, बरगडीमुळे हात वर जात नव्हता.

त्याला आता आठ महिने झाले. सहकाऱ्याला मी भाडं देतो आणि मानपाड्यात एकटा राहतो. लोक विचारतात तेव्हा आम्ही दोघंही सांगतो की दोन्ही घरांकडे बघावं लागतं. बाजार मीच करतो. म्हातारी त्याच जागी बसते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने सरळ सांगितलं, “तुला नाय इकायची.” महिनाभर मी दुसरीकडून घेतली. मग एक दिवस तिने बोलावलं आणि भाजी तोलून दिली. बाकीच्यांना ती वर कोथिंबिरीच्या चार काड्या घालते, मला घालत नाही. मी मागतही नाही. कॅशियरची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि टँकर आला की तो अजूनही माझ्यापासून दोन हात लांब उभा राहतो.

राग गेलेला नाही. तो येतो. गेल्या महिन्यात बँकेतल्या मशीनने कार्ड गिळलं तेव्हा मी त्या मशीनला बुक्के मारले आणि हाताची दोन बोटं सुजली. पण माणसांवर हात उचलला नाही, आठ महिन्यांत एकदाही. हे मी डायरीत लिहीत नाही, पण मोजतो.

रविवारी मी वर्तकनगरला जातो. हे तिनेच ठरवलं, दुपारी चार ते सहा. चहा देते, कधी मुलीबद्दल बोलते. गेल्या रविवारी मी ठरवून गेलो होतो. गेल्या आठवड्यात डायरीत एक नवीन रकाना आखला होता, दोघांनी एका घरात राहिल्याचा, आणि त्यात सगळे खरे भाव होते, मी स्वतः विचारून आणलेले. तो दाखवायचा आणि विचारायचं, मी परत येऊ का? तिन्ही मजले चढताना मी ते वाक्य दोन-तीन वेळा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

दार उघडंच होतं. मशीन चालू होतं. खुर्चीवर साड्यांची चळत, आणि मशीनला छोटा दिवा लावून घेतला होता, तो नवीन. तिने उन्हाळ्याचं म्हणून बिनबाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग मी इतक्या वर्षांनी दिवसाच्या उजेडात बघितला. तिने तो झाकला नाही. चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि परत मशीनवर बसली.

मी डायरी पिशवीतून काढून मांडीवर ठेवली. सुरुवात कुठून करावी कळेना, म्हणून सहज, दोन माणसं बोलतात तसं मी विचारलं, “गवार काय भाव आहे गं इथे?”

तिने पायडलवरचा पाय काढला. चाक हाताने थांबवलं. उठली, माझ्यासमोरचा पेला, मी अजून ओठाला न लावलेला, उचलला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. मग माझ्याकडे बघून खरा भाव सांगितला.

“पंचवीस रुपये पाव.”

मी डायरी पिशवीत ठेवली आणि चपला घातल्या.